गळीत

ऑक्टोबरात आमचं गाव गोड कुजतं.
गोप्वो तळ्यावरून धुकं येतं, त्याला उकडलेल्या मातीचा वास,
आणि बीटांचे ट्रक रात्रभर फाटकाशी खोळंबलेले.
मी रसाच्या बाजूला असतो, तिसरी पाळी.
थेंब काचेवर घ्यायचा, भिंगाला डोळा लावायचा,
आकडा वहीत टिपायचा: सोळा, साडेसोळा.
एकवीस वर्षं गोडी मोजतोय.

कालिना नऊ वर्षांची आहे.
तिला साखर वर्ज्य.

आधी झटके आले, मग शब्द गळायला लागले.
झटका निदान दिसतो. नजर एका जागी थिजते,
ओठ चुळबुळतात, काहीतरी चाखत असल्यासारखे.
घड्याळ लावायचं, कुशीवर वळवायचं, थांबायचं.
शब्द जातो तेव्हा आवाज होत नाही.
एका रविवारी म्हणाली, ते द्या ना, सूप उचलायचं.
आम्ही चमचा दिला. कुणी काही बोललं नाही.
पुढे कात्री गेली. मग गुरुवार.
साताचा पाढा पस्तिसापर्यंत यायचा
आणि जिना मध्येच संपल्यासारखी ती उभी राहायची,
एक पाय हवेत.
आपण चुकलो हेही तिला कळत नव्हतं.
मला त्याचंच जास्त लागायचं.

बिदगोश्चच्या इस्पितळात तिला साखर टोचली.
खरी नव्हे, डॉक्टर ओल्शेव्स्का म्हणाल्या,
साखरेच्या वेशातली. पेशी फसते, दार उघडते,
आत घेते, आणि पुढे ती जळत नाही, जिरत नाही,
तिथेच अडकून उजेड देते.
जिथे भूक जास्त, तिथे उजेड जास्त.
अंधाऱ्या खोलीत तासभर पडून राहायचं,
बोलायचं नाही, चित्रंसुद्धा बघायची नाहीत.
दाराबाहेर मी दोन्ही हातांनी तिची टोपी धरून.

पडद्यावर रात्रपाळीतला कारखाना,
सगळ्या खिडक्या पेटलेल्या,
आणि डाव्या कानाच्या आत एक शेड जवळपास बंद.
मेलंय का ते?
नाही. झटक्यात तिथेच सगळ्यात जास्त जळतं.
एरवी मंद असतं. दमलंय की दडलंय,
ते खात्रीने सांगता येत नाही, म्हणाल्या.
मी असं उत्तर वहीत लिहिलं असतं
तर फोरमनने मला घरी पाठवलं असतं.
पण त्या बाईंबद्दल मला त्याच क्षणी भरवसा वाटला.

औषधं दोन झाली होती, तिसरं उलटलं.
मग काटा आला, ग्रॅमचा.
मेंदूला साखरेवरून उतरवून चरबीवर चालवायचं.
आम्ही कोळसा सोडून गॅस घेतला त्या वर्षी
तीन आठवडे सगळे पाइप कुरकुरत होते. तसंच झालं:
ओकली, रडली, झोपली, पुन्हा ओकली.
दोब्रोखना अडतीस ग्रॅम लोणी मोजते.
एकोणचाळीस झालं तर सुरीच्या टोकाने परत घेते
आणि ते बोट स्वतःसुद्धा चाटत नाही.

मी कपडे गॅरेजमध्ये बदलतो.
एकदा विसरलो.
पहाटे बघतो तर खुंटीखाली कालिना,
माझ्या जॅकेटची बाही तोंडात.
मी ओरडलो नाही. ओरडायला हवं होतं का,
हे मी अजून डॉक्टरांना विचारलेलं नाही.

नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे
न आलेल्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामं मांडतात.
खसखशीचा केक सगळ्यांच्या पुढ्यातून फिरला,
तिला ओलांडून. तिने त्या रिकाम्या ताटात
आपल्या वाटणीची मलई सांडली. आजी रागावली.

जानेवारीत गळीत संपलं. गाव एकदम निर्वास.
झटके थांबले नाहीत; आठवड्याला चार होते, आता एक.
गुरुवार अजून कधी असतो, कधी नसतो.

काल शेवटचा ट्रक रिकामा गेला,
एक बीट घरंगळून आमच्या फाटकापाशी आलं.
आमच्याकडे बीटाला म्हणतात बुराक.
कुत्र्याचं नाव बुरेक.
ती चिखलात वाकून बीटाला म्हणाली, बुरेक, चल.
ओसरीवरचं म्हातारं कुत्रं उठलं.
ती थबकली. बीटाकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं.
चुकलं, म्हणाली,
आणि इतकी हसली
की मी घड्याळ लावलं, सवयीने,
आणि मग ते तसंच चालू ठेवलं.